दोनशे फुटांच्या आतील मृत्यू

शेतावर काम करणारे विमान कोसळले आणि वैमानिक जागीच ठार झाला, ही बातमी कोणत्याही देशातील वृत्तपत्रांत चार-पाच ओळींपेक्षा अधिक जागा सहसा व्यापत नाही. विमानात प्रवासी नसतात. मरणारा एकटाच असतो. आणि तो मरतो तोही कोठेतरी दूरच्या शिवारात, सकाळच्या प्रहरी, साक्षीदार असलाच तर एखादा मजूर. मंत्र्यांचे शोकसंदेश येत नाहीत की विधिमंडळाची बैठक तहकूब होत नाही. ‘धंदाच धोक्याचा’ असे म्हणून वाचणारा पान उलटतो. आम्हांस आज या चार ओळींच्या बातमीवर पहिल्या पानाची जागा खर्च करावयाची आहे. ‘धंदाच धोक्याचा’ या दोन शब्दांत केवढा अन्याय दडलेला असू शकतो, हे उघड करणारा एक अपघात अमेरिकेत घडून गेला आहे. आणि ते दोन शब्द उच्चारण्याची सवय आपल्याकडेही काही कमी नाही.

दि. १० जानेवारी २०११ रोजी कॅलिफोर्निया राज्यात ओकली गावानजीक, सॅक्रॅमेंटो व सॅन वाकीन या नद्यांच्या मुखाशी असलेल्या वेब ट्रॅक्ट नावाच्या बेटावर, रॉकवेल एस-२आर जातीचे एक विमान शेतावर अगदी खालून उडत आपले नित्याचे काम करीत होते. भर दिवसा ते एका मनोऱ्यावर आदळले आणि वैमानिक मृत्यू पावला. मनोरा कशाचा होता? पवनचक्क्या उभारण्यापूर्वी त्या जागी वारा किती वाहतो हे मोजावे लागते, त्यासाठी उभारलेल्या मापकाचा. असा मनोरा म्हणजे सहा ते आठ इंच व्यासाच्या जस्ताचा मुलामा दिलेल्या नळ्या एकावर एक जोडून केलेला खांब आणि त्याला चहूबाजूंनी दिलेले तारांचे ताण. दोन-चार माणसे तो काही तासांत उभा करतात. काल जेथे मोकळे आभाळ होते तेथे आज तो असतो, आणि काम संपले की नाहीसाही होतो. त्याला रंग नव्हता, दिवा नव्हता, ताणांवर खुणेचे गोळे नव्हते. आणि मुख्य गोष्ट ही, की यांपैकी काहीही लावण्याची कायद्याने सक्ती नव्हती. कारण मनोऱ्याची उंची दोनशे फुटांच्या थोडी आत होती.

या दोनशे फुटांची हकीकत समजून घेतली पाहिजे. अमेरिकेतील नियमांप्रमाणे जमिनीपासून दोनशे फुटांहून उंच असे काही बांधावयाचे असेल तर विमानवाहतूक खात्यास आगाऊ कळवावे लागते, आणि मग त्यावर कोणता रंग व कोणते दिवे असावेत हे ते खाते ठरविते. विमानतळाच्या परिसरास निराळे नियम आहेत. हा आकडा ठरविणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कोणते विमान होते ते उघड आहे. एका शहरातून दुसऱ्या शहरी जाणारे, उतरण्याची वेळ येईपर्यंत खाली न येणारे विमान त्यांना दिसत होते. त्याच्या दृष्टीने दोनशे फुटांखाली आकाश नसतेच. तेथे घरे, झाडे, विजेचे खांब आणि जमिनीवरची माणसे असतात. परंतु एक जमात अशी आहे की जिचे सारे आयुष्य या दोनशे फुटांच्या आतच जाते. शेतावर फवारणी करणारा वैमानिक पिकाच्या शेंड्यांपासून दहा-बारा फुटांवर, ताशी सव्वाशे-दीडशे मैलांच्या वेगाने, शेताच्या एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत जातो. तेथे झाडे वा तारा ओलांडण्यासाठी विमान एकदम वर खेचतो, वळतो, आणि पुन्हा खाली येतो. दिवसातून शंभर वेळा. नियम करणाऱ्यांच्या हिशेबात तो नव्हता. कायद्याचे आभाळ जेथे संपत होते तेथे त्याचे सुरू होत होते.

आणि ज्यांना मनोरे उभारावयाचे होते त्यांनी हा आकडा नीट वाचला होता. दोनशेच्या मर्यादेला दोन-तीन फूट कमी, असे हे मनोरे जागोजागी उभे राहू लागले. दोन-तीन फुटांनी वाऱ्याच्या मापनात काय फरक पडणार? परंतु कागदपत्रांत मात्र पडत होता: कळविणे नको, रंग नको, दिवा नको. शिवाय आपण कोठे वारा मोजत आहोत याचा प्रतिस्पर्धी कंपन्यांना सुगावा लागू नये हीही त्यात सोय होती, असे फवारणी वैमानिकांचे म्हणणे होते, आणि ते अविश्वसनीय वाटत नाही. यात कोणी नियम मोडला असे आम्ही म्हणत नाही. तक्रार नेमकी हीच आहे, की नियम पाळूनच हे झाले.

अपघाताची चौकशी त्या देशाच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने केली. हे मंडळ जगातील उत्तम चौकशी यंत्रणांपैकी एक गणले जाते, आणि त्याच्या निःपक्षपातीपणाविषयी आम्हांस शंका नाही. तथापि त्याच्या निष्कर्षाची मांडणी पाहण्यासारखी आहे. अपघाताचे संभाव्य कारण म्हणून प्रथम नोंद झाली ती, वैमानिकाला अडथळा दिसला नाही व त्याला तो टाळता आला नाही, याची. त्यानंतर साहाय्यभूत कारणे आली: मनोरा डोळ्यांत भरण्याजोगा नव्हता, आणि तो तेथे आहे ही माहिती उड्डाणापूर्वी मिळण्याची वैमानिकास सोय नव्हती. शब्द न् शब्द खरा आहे. पण क्रम पाहा. ज्याने दिसू नये असा खांब उभा केला त्याचा उल्लेख दुसऱ्या वाक्यात, तोही नाव न घेता, वस्तूच्या गुणधर्माच्या रूपाने. आणि ज्याला तो दिसला नाही त्याचा पहिल्या वाक्यात, दोष म्हणून.

दिसणे म्हणजे काय, याचा थोडा हिशेब करू. निरोगी डोळ्याची सूक्ष्म वस्तू ओळखण्याची मर्यादा सुमारे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, मानतात. आठ इंच रुंदीची वस्तू सातशे मीटरांवरून या मर्यादेच्या काठावर येते. ताशी दीडशे मैल वेगाने जाणारे विमान हे अंतर दहा-साडेदहा सेकंदांत कापते. हा हिशेबही पांढऱ्या कागदावर काळी रेघ असावी अशा स्वच्छ भेदाचा झाला. करड्या आभाळापुढे करडी नळी असेल, समोर सूर्य असेल, काचेवर औषधाचे शिंतोडे असतील, तर ती मर्यादा कितीतरी जवळ येते. ताणाच्या तारांचे तर बोलावयासच नको. आणि ही दहा सेकंदे वैमानिकाने केवळ समोर पाहण्यात घालवावयाची नसतात. पिकाची उंची, वाऱ्याची दिशा, मागील पट्टा कोठे संपला, टाकीत किती उरले, यांवरही त्याचे लक्ष असावे लागते. विजेच्या तारा ओळखण्याचा त्याचा एक जुना मार्ग असतो: तार दिसली नाही तरी खांब दिसतात, आणि दोन खांबांमध्ये तार असणारच हे तो जाणतो. रानात एकट्याच उभ्या असलेल्या नळीला असा कोणताही सोबती नसतो.

या व्यवसायात धोका नाही असे म्हणण्याचा वेडेपणा आम्ही करणार नाही. शेतावर विमानातून औषध टाकण्याचा पहिला प्रयोग ओहायो राज्यात ट्रॉय गावाजवळ ३ ऑगस्ट १९२१ रोजी झाला. सैन्यातील लेफ्टनंट जॉन मॅकरेडी यांनी कर्टिस जातीच्या जुन्या विमानातून कॅटाल्पा झाडांच्या राईवर अळ्या मारण्यासाठी शिशाच्या आर्सेनेटची भुकटी सोडली. तेव्हापासून विजेच्या तारा, झाडे, थकवा आणि खुद्द ते विष यांनी या धंद्यातील कितीतरी माणसांचे बळी घेतले आहेत. पॅराथिऑन वर्गातील औषधे आल्यावर तर ती भरताना अंगावर उडाल्याने अथवा श्वासातून गेल्याने वैमानिकाच्या डोळ्यांच्या बाहुल्या आकसणे, दृष्टी अंधुक होणे, हाताचे स्नायू थरथरणे असे प्रकार होऊ लागले. दहा फुटांवरून उडणाऱ्याचे त्यात काय होणार हे सांगावयास नको. एकट्या २०१३ साली अमेरिकेत शेतीविमानांचे ७८ अपघात नोंदले गेले व त्यांपैकी ९ प्राणघातक होते. त्यांचा अभ्यास करून वर सांगितलेल्या मंडळाने पुढील वर्षी थकवा, विमानांची देखभाल आणि जोखीम ओळखण्याचे शिक्षण यांविषयी शिफारशी केल्या. हंगामात पहाटेपासून काम सुरू होते आणि कीड माणसाच्या झोपेसाठी थांबत नाही.

परंतु धोका आहे म्हणून मृत्यू अटळ आहे, हे तर्कशास्त्र आम्हांस मान्य नाही. आणि ते खोटे ठरल्याचा पुरावा याच धंद्याच्या इतिहासात आहे. महायुद्धानंतर सैन्याने विकावयास काढलेली शिकाऊ वैमानिकांची विमाने स्वस्तात घेऊन, पुढच्या बैठकीच्या जागी टाकी बसवून, फवारणी चाले. ती विमाने या कामासाठी बनलेलीच नव्हती. तेव्हा फ्रेड वाइक नावाच्या अभियंत्याने टेक्सासच्या कृषी महाविद्यालयात खास फवारणीसाठी म्हणून ‘एजी-१’ हे विमान रचले. त्याचे पहिले उड्डाण डिसेंबर १९५० मधले. विमान केव्हातरी आपटणारच, हे वाइकने गृहीत धरले आणि आपटल्यावर माणूस जगला कसा पाहिजे तेथून रचनेस आरंभ केला. वैमानिकाची बैठक मागे व उंच, म्हणजे नाकापुढचे त्यास दिसावे. टाकी त्याच्या पुढे, म्हणजे आपटल्यावर औषधाचे ओझे त्याच्या पाठीवर येऊ नये. सांगाडा असा की पुढचा भाग चुरडत जाऊन धक्का शोषून घेईल आणि बैठकीभोवतीचा पिंजरा शाबूत राहील. खांद्यावरून जाणारे भक्कम पट्टे. या कामी त्यास ह्यू डीहेवन यांच्या संशोधनाचा आधार मिळाला. हे डीहेवन पहिल्या महायुद्धाच्या काळी प्रशिक्षण घेत असताना विमान कोसळूनही वाचले होते, आणि आपण वाचलो कसे या प्रश्नाचा पिच्छा त्यांनी पुढे आयुष्यभर पुरविला. वाइकच्या रचनेतून पुढे पायपर कंपनीचे ‘पॉनी’ आले. त्याच्या चाकांच्या पायांना व काचेपुढे तारा कापणारी पाती होती, आणि तार निसटून वर जावी म्हणून छतापासून शेपटीपर्यंत एक जाड तार ओढलेली होती. आज जगभर शेतीविमानांची ठेवण साधारण अशीच असते. किती वैमानिक यामुळे घरी परतले याची मोजणी कोणी केली नसेल. पण ज्या काळात लोक ‘धंदाच धोक्याचा’ म्हणून हात वर करीत होते त्याच काळात एक अभियंता कागद-पेन्सिल घेऊन बसला होता, एवढे खरे.

अभियंत्यांनी आपले काम केले. मग शासनाने? ओकलीची घटना पहिली असती तर शासनास माहिती नव्हती असे म्हणता आले असते. परंतु २००३ साली ओरेगॉन राज्यात एक लहान विमान, आणि २००५ साली टेक्सासमध्ये राल्स गावाजवळ फवारणीचे विमान, अशाच वारामापक मनोऱ्यांवर आदळून प्राणहानी झाली होती. म्हणजे ओकलीचा अपघात तिसरा. तो झाल्यानंतर जून २०११ मध्ये विमानवाहतूक खात्याने या मनोऱ्यांना नारिंगी-पांढरे पट्टे व ताणांना रंगीत गोळे लावावेत अशी सूचना काढली. सूचना, हुकूम नव्हे. कॅलिफोर्निया राज्याने स्वतः कायदा करून २०१३ च्या आरंभापासून ते सक्तीचे केले. सुरक्षा मंडळाने २०१३ साली संपूर्ण देशासाठी तशी सक्ती करावी व मनोऱ्यांची नोंदवही ठेवावी असा आग्रह धरला. अमेरिकन काँग्रेसने पन्नास ते दोनशे फुटांच्या अशा मनोऱ्यांविषयी कलम घातले ते जुलै २०१६ मध्ये, आणि २०१८ साली त्यात पुन्हा दुरुस्ती झाली. दरम्यान २०१४ साली मृत वैमानिकाच्या कुटुंबाशी प्रतिवादींनी सदुसष्ट लाख डॉलर देऊन तडजोड केली. एका खांबाला रंग द्यावयास किती खर्च येतो हे कोणत्याही रंगाऱ्यास विचारावे. टेक्सासच्या मृत्यूपासून काँग्रेसच्या कलमापर्यंत अकरा वर्षे गेली. इतका काळ लागावा असे त्या कलमात अवघड असे काहीच नव्हते. ज्यांना ते हवे होते त्यांचा आवाज लहान होता, एवढेच.

येथे कोणी विचारील, की विमानातून विष शिंपडणे हाच मुळात कितपत योग्य उद्योग आहे? प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळण्याचे आम्हांस कारण नाही. केरळातील कासरगोड जिल्ह्यात काजूच्या सरकारी मळ्यांवर सत्तरीच्या दशकाच्या अखेरीपासून २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरमधून एन्डोसल्फान टाकले गेले, आणि त्या परिसरातील मुलांच्या व्यंगांची छायाचित्रे साऱ्या देशाने पाहिली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या औषधावर बंदी घातली. फवारणीखाली राहणाऱ्यांचा कैवार आम्ही घेऊच. परंतु वर बसलेला माणूस हा खाली राहणाऱ्यांचा शत्रू आहे, अशी वाटणी आम्ही करू इच्छित नाही. औषध कोणते, ते कोठे टाकावे, केव्हा टाकावे, हे त्याने ठरविलेले नसते. विष प्रथम त्याच्याच हाताला लागते.

आणि हे आपण महाराष्ट्रीयांना कॅलिफोर्नियातून शिकावयाचे कारण नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले. शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. कित्येकांची दृष्टी अधू झाली. विमान नव्हते, मनोरा नव्हता. पाठीवरचा पंप होता आणि त्या वर्षी माणसाच्या डोक्याइतकी वाढलेली कपाशी होती. अमेरिकेत वैमानिकाच्या डोळ्यांच्या बाहुल्या ज्या प्रकारच्या औषधांनी आकसत होत्या, त्याच कुळातील औषधे त्या पंपांत होती. त्या वेळी पहिला खुलासा काय आला? फवारणाऱ्यांनी हातमोजे घातले नव्हते, तोंडावर फडके बांधले नव्हते, वाऱ्याच्या उलट दिशेने फवारले, औषधे मनास येतील तशी मिसळली. शब्द न् शब्द येथेही खरा असेल. परंतु भर पावसाळ्यातील विदर्भाच्या उकाड्यात, रोजंदारीवर, दुसऱ्याच्या शेतात, इंग्रजीत छापलेल्या बारीक अक्षरांच्या चिठ्ठीवर भिस्त ठेवून फवारणाऱ्या मजुराने रबरी कपडे घालून काम करावे, असा नियम ज्याने केला त्याने ते कपडे एक तासभर तरी अंगावर चढवून पाहिले होते काय? औषधे बेमालूम विकणारा दुकानदार, ती मिसळण्याचा सल्ला देणारा प्रतिनिधी, तपासणी न करणारा निरीक्षक हे सारे ‘साहाय्यभूत कारणे’ या दुसऱ्या वाक्यात गेले. पहिले वाक्य मेलेल्याच्या वाट्यास आले.

भारतात फवारणीची माणसासकट उडणारी विमाने कधीच फार झाली नाहीत. बंगलोरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने खास या कामासाठी ‘बसंत’ नावाचे विमान बनविले, १९७२ साली ते प्रथम उडाले, परंतु त्या प्रयत्नाने मूळ धरले नाही. आता आकाश पुन्हा शेतापर्यंत खाली आले आहे ते ड्रोनच्या रूपाने. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने महिलांच्या पंधरा हजार स्वयंसहाय्यता गटांना ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. या यंत्रात वैमानिक बसत नाही. ते तारेवर आदळले तर यंत्र पडेल, माणूस मरणार नाही. ही मोठीच सुधारणा आहे आणि आम्ही तिचे मनापासून स्वागत करतो. फवारणाऱ्याच्या पाठीवरचा पंप या मार्गाने उतरणार असेल तर यवतमाळच्या घरांना त्याहून चांगली बातमी कोणती? तरीसुद्धा टाकीत औषध ओतावयाचे असते ते हातानेच, आणि पंपाने फवारताना जे पातळ करून वापरावयाचे तेच ड्रोनच्या लहान टाकीत पुष्कळ अधिक तीव्र भरावे लागते. ते ओतणारी स्त्री बांधावर उभी असेल, वारा फिरला तर तुषार तिच्याच अंगावर येतील, आणि तिला पंधरा दिवसांचे प्रशिक्षण देऊन मोकळे झालेले अधिकारी त्या वेळी तालुक्याच्या गावी असतील.

तेव्हा आमची मागणी या योजनेच्या चालकांकडे एवढीच आहे, की सुरक्षेचे नियम ज्यांनी आजवर लिहिले त्यांनी ते पुन्हा एकदा बांधावर उभे राहून वाचावेत, आणि वाचताना ड्रोन चालविणाऱ्या दोन-चार स्त्रियांना व पाठीवर पंप वागविलेल्या दोन-चार मजुरांना शेजारी बसवावे. डब्यावरील सूचना मराठीत व ठळक अक्षरांत असाव्यात. औषध हात न लावता टाकीत जाईल अशी तोटी यंत्राबरोबरच मिळावी. शिवारातील तारा, ताण व मनोरे यांची यादी ग्रामपंचायतीत लावलेली असावी आणि नव्या मनोऱ्यास, मग तो कितीही ठेंगणा असो, नारिंगी-पांढऱ्या रंगावाचून उभा राहू देऊ नये. विषबाधेवरील औषधे जिल्ह्याच्या ठिकाणी नव्हे, प्राथमिक आरोग्यकेंद्रात असावीत. आणि पुढे कधी अपघात झालाच तर चौकशीचा अहवाल लिहिणाऱ्याने ही यादी समोर ठेवावी, तिच्यातील काय केले होते व काय केले नव्हते ते आधी लिहावे, आणि मग मृताच्या चुकीकडे वळावे.